राणी नाव घेते ते पान

बेलापूर, शनिवार, १६ जानेवारी १९७१

गं. भा. साळूबाई हिला भागूबाईचा आशीर्वाद.

सगळ्यांच्या आधी आली ती जहिरा, गनीभाई बांगडीवाल्याची बायको. तिच्यामागून मी. कुलथे बाई कुलूप उघडत होत्या तेवढ्यात रंगुबाई छकड्यातून उतरली, हातात तिळगुळाचा डबा, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "आज मी नाटक ठरवूनच उठनार." ठरवलं काही नाही. डबा मात्र संपला.

तू म्हणशील हे कसलं नाटक आणि कसलं काय. अगं, मला लिहिता येतं आता. हे अक्षर माझं आहे. कुलथे बाई मुलींच्या शाळेत शिकवतात, त्यांनी मोठ्या बायांचा वर्ग काढला होता, त्यात मी दीड वर्ष बसले. धाकटी नात आणि मी एका पाटीवर. तिचं पुसून मी काढायचे. म्हातारपणी मला असा आनंद झाला आहे की भिंतीवरच्या जाहिरातीसुद्धा सोडत नाही. बाई म्हणतात लिहिताना आहे लिहावं, हाय लिहू नये. म्हणून तुला सगळीकडे आहे दिसेल. बोलताना मी अजून हायच म्हणते, माझी जीभ काही शाळेत गेली नाही.

वर्ग संपल्यावर बाईंनी आम्हा आठ-दहा जणींचं वाचक मंडळ केलं. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचं, एक पुस्तक घ्यायचं, आळीपाळीने मोठ्याने वाचायचं. दोन गोष्टींची पुस्तकं झाली. आता बाई म्हणतात एखादं जुनं नावाजलेलं नाटक घेऊ, प्रत्येकीने एकेका पात्राचं वाचायचं. वाचनालयाचे कारभारी काकासाहेब, त्यांच्याजवळ कपाटाची किल्ली. ते म्हणाले, पाडव्याला वाचनालयाचा वाढदिवस आहे, तेव्हा सगळ्या गावासमोर वाचा. झालं. तेव्हापासून पाच शनिवार गेले, नाटक ठरत नाही.

कारण ऐकशील तर हसशील. पहिलं नाटक काढलं त्यात नायक माधव. रंगुबाईच्या मालकाचं नाव माधवराव. ती नायिका व्हायला बसली होती, पहिलंच वाक्य "माधवा, थांब." तिचं तोंड असं झालं जसं कुणी तिला चुलीत हात घालायला सांगितला. म्हणाली, "मरंन पन घेनार न्हाई." बाई म्हणाल्या, नावाच्या जागी 'ते' म्हणा. मग "अहो ते, थांबा" असं सुरू झालं आणि कोण थांबायचं तेच कळेना. जहिरा म्हणाली, "रंगुबाई, तुमच्या मालकाचं नाव तेवढं माझ्याकडं द्या. तिथं आलं की मी म्हनते." रंगुबाई उसळली, "तू माझ्या नवऱ्याचं नाव घेनार? आन मी बसून ऐकनार?" मी म्हटलं, मग उखाण्यात घे, उखाण्यात चालतं. बाईंनी मोजलं, पहिल्या अंकातच बेचाळीस वेळा नाव येतं. बेचाळीस उखाणे कोण रचणार?

दुसऱ्या नाटकात काशिनाथ निघाला, ते आक्काबाईच्या सासऱ्याचं नाव. सासरा जाऊन वीस वर्षं झाली, पण आक्काबाई पुस्तकाला पाठ करून बसली. तिसऱ्यात सगळे राजपुत्र आणि त्यातला एक तरी कुणाचा दीर निघतोच. जहिरा म्हणते, "गनीभाई नावाचा मानूस कुठल्याच जुन्या नाटकात न्हाई. मीच एकटी मोकळी."

तर कामाचं लिहिते. मी कंकणबंध सुचवलं आहे. आपल्या गावाने स्वातंत्र्याच्या साली जत्रेत केलं होतं तेच. बन्सी राणी हेमकांता झाला होता, माझा सख्खा भाऊ, पण लुगड्यात बाईच दिसायचा. त्यातली राणी सगळ्या नाटकात नवऱ्याला 'महाराज' म्हणते, प्रधानही महाराज, दासीही महाराज. कुणाची जीभ अडायची नाही. काकासाहेबांच्या कपाटात पुस्तक आहे, पण वाळवीने पुढची चार पानं आणि शेवटचा अंक खाल्ला आहे. आणि मला एवढं आठवतं की शेवटच्या अंकात राणी एकदा, एकदाच, राजाचं नाव घेते. कारण तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावला होता. पण नाव काय ते आठवत नाही. रंगुबाई म्हणते, आधी नाव सांगा, मग ठरवू.

बन्सीसाठी नाटक उतरवलेल्या नकलेच्या वहीचा पुढचा अर्धा भाग माझ्याकडे आहे. मागचा तुझ्याकडे असेल. वही कशी फाटली ते आता काही आठवत नाही. तेवढं नाव बघून कळव. एका ओळीचं काम आहे.

भागूबाई

 

बेलापूर, रविवार, ७ फेब्रुवारी १९७१

साळूबाईस आशीर्वाद.

पत्र पोचलं असेल असं धरून लिहिते. पोस्टमनला मी तीनदा विचारलं, राजूरचं काही आहे का. तो म्हणाला, "आज्जे, राजूर काय इंग्लंडात हाय का, चार दिसांत पोचतं." म्हणजे पोचलं आहे.

इथे माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला आहे. काल सहावी बैठक. म्हणजे आठवी, मधल्या दोन निवडणुकीच्या सभांनी खाल्ल्या, खोलीत पत्रकांचे गठ्ठे ठेवले होते. काल काकासाहेब स्वतः आले आणि म्हणाले, बायांनी वाचायचं तर सद्गुण शिकवणारं नाटक घ्या. त्यांनी काढलं एक. त्यात सात पुरुष आणि एक बाई, आणि ती पहिल्या अंकात मरते. रंगुबाई म्हणाली, "मग ती मीच होते, म्हंजी मला घरी जाता यील." या बाईला रागावावं की हसावं? बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या आहेत. त्या पुण्याकडच्या, त्यांना वाटलं होतं नाटक निवडणं म्हणजे कपाटातून पुस्तक काढणं. मला म्हणाल्या, "भागूबाई, तुमचं कंकणबंध घेऊ, पण शेवटाशिवाय कसं घ्यायचं? गावासमोर वाचून शेवटी काय सांगायचं, वाळवीने खाल्लं?"

मी म्हटलं, शेवट राजूरला आहे, मागवला आहे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. रंगुबाई जुनी, तिला सगळं माहीत. ती म्हणाली, "राजूरहून? साळूकडून? तुमी मागवला? आन ती दील?" जहिरा नवी, तिने विचारलं, "का, काय झालं हुतं?" मी म्हटलं, काही नाही, नणंद-भावजयीचं काय असतं तेच. आणि पाणी प्यायला उठले.

तर मला तोंडघशी पाडू नकोस. तुझं नाव मी पुढे केलं आहे. तुझं चौथीपर्यंतचं शिक्षण, तुला दोन ओळी लिहायला काय जातं? मला एका अंतर्देशीला दोन दिवस लागतात, जोडाक्षर आलं की घाम फुटतो, तरी लिहिते आहे. कार्ड स्वस्त असतं, पण कार्ड वाटेत सगळे वाचतात, म्हणून निळं अंतर्देशी घेते.

तू बोलत नाहीस ते मला काही नवं नाही. त्या दिवशीही बोलली नाहीस. एक शब्द बोलली असतीस तर.

जाऊ दे. तुला आठवतं का, बन्सीला वाचता येत नव्हतं, तू चुलीपुढे बसून त्याला एकेक वाक्य सांगायचीस आणि तो भाकरी खात खात म्हणायचा. मी येऊन ओरडायचे, घरातली बाई नाटकाचं वाचते, लोक काय म्हणतील. मला खरं म्हणजे राग कशाचा होता ते आता कळतं. तुला कागदाकडे बघून बोलता येत होतं आणि मला कागदाची भीती वाटायची.

हे खोडणार होते पण अंतर्देशीवर खोडलं की सगळं घाण दिसतं. राहू दे. नाव कळव.

भागूबाई

 

बेलापूर, सोमवार, १ मार्च १९७१

साळू,

आशीर्वाद लिहायचा की नाही ते कळेना. शेवटी नाही लिहिला. मी कोण देणार.

परवाच्या बैठकीत भांडण झालं. रंगुबाई म्हणाली नाटकच नको, हळदीकुंकवाचा कार्यक्रम करू. आक्काबाई म्हणाली व्हय. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, पुढच्या तीन शनिवारांत ठरलं नाही तर मंडळ बंद. मी सगळ्यांवर ओरडले. म्हटलं, तुमाला वाचाया शिकवलं ते याच्यासाठी का? नवऱ्याच्या नावाला भिता, सासऱ्याच्या नावाला भिता! जहिरा हळूच म्हणाली, "आन तुमी कशाला भिता, आत्या? एवढी दोन पत्रं लिवली, तिसरं का लिवत न्हाई?"

ती तीस वर्षांची पोर. तर हे तिसरं.

वही कशी फाटली ते मला चांगलं आठवतं.

बन्सीच्या दहाव्याला नदीवरून आलो. तू आतल्या खोलीत होतीस. मी दारातून बघितलं तर तुझ्या छातीशी लाल खारव्याच्या फडक्यात काहीतरी. आमच्या बापाचे जमिनीचे कागद अशाच लाल फडक्यात असायचे. मला वाटलं, ही कागद घेऊन राजूरला चालली. मी कुणाला विचारलं नाही. ओढलं. तू सोडेनास. फाटलं. अर्धं तुझ्या हातात, अर्धं माझ्या. आणि मग साठ-सत्तर माणसांसमोर मी काय म्हणाले ते तुला लिहून सांगायची गरज नाही. तो एकच शब्द होता आणि मी तो तीनदा म्हणाले. चोरटी.

तू खाली मान घालून बसलीस. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ सहादेव येऊन तुला घेऊन गेला.

मी माझा अर्धा भाग पेटीत ठेवला. कुणाला दाखवला नाही, कारण दाखवला तर ते वाचतील आणि मला अडाणी बाईला फसवतील. बारा वर्षं, साळू. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो काढायचा, पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, परत ठेवायचा. जमिनीचे कागद म्हणून. जमिनीची नोंद तलाठ्याकडे होती ती होतीच, तिला कुणी हात लावला नव्हता, पण मला कोण सांगणार आणि मी कुणाचं ऐकणार.

मागच्या दिवाळीला पहिल्यांदा वाटलं, आता वाचता येतं, बघू तरी गट नंबर काय आहे. चष्मा लावला. पहिल्या पानावर हळदीचे डाग, त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी एकेक अक्षर जुळवलं. अंक पहिला. प्रवेश पहिला. राणी हेमकांता.

मला आधी वाटलं मीच चुकीचं वाचते. नातीला बोलावलं. ती म्हणाली, आजे, हे तर नाटक आहे. आणि हसली. तिचं हसू ऐकून मीही हसले, काय करणार. मग ती खेळायला गेली.

तू का बोलली नाहीस ते त्या दिवशी कळलं मला. नवऱ्याच्या दहाव्याला नाटकाची वही छातीशी धरून बसले होते, असं माणसांसमोर सांगण्यापेक्षा तू चोर म्हणवून घेतलंस.

आधी का लिहिलं नाही? लिहिता येत नव्हतं, तेव्हा दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्याला सांगता आलं नाही. आणि लिहिता यायला लागलं तेव्हा नाटक निवडायचं निमित्त मिळालं, त्याच्याआड लपले. कंकणबंध सोयीचं आहे हे खरं. पण मी ते सुचवलं ते सोयीसाठी नाही.

राजाचं नाव कळवलं नाहीस तरी चालेल. मंडळ बंद झालं तरी चालेल. म्हणजे वाईट वाटेल, फार वाटेल, शनिवारची मी सोमवारपासून वाट बघते. पण ते वेगळं.

मी चुकले. हे दोन शब्द लिहायला सगळ्यांत सोपे निघाले. एकही जोडाक्षर नाही.

भागू

 

बेलापूर, सोमवार, १५ मार्च १९७१

साळू,

काल दुपारी दारात दोघं उभी. मी आधी ओळखलंच नाही. मग टोपी काढल्यावर सहादेवाचं टक्कल दिसलं. मागे त्याची बायको बनुबाई, संगमनेरपासून उभ्याने आली म्हणून पाय चोळत होती. माझ्या हातून पाण्याचा तांब्या सांडला. तुझा निरोप काय असेल या भीतीने मी चहात साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून दोनदा घातली. सहादेव तो तसाच प्यायला.

मग म्हणाला, "ताई म्हनली, भागूवन्संनी आयुष्यात कदी सही केली न्हाई, अंगठाच. आन चुकले असा शब्द त्यांच्या तोंडून कुनी ऐकला न्हाई. तवा ही पत्रं कुनाची ते बघून या."

मला राग आला. खरंच सांगते, इतका राग आला. दीड वर्ष पाटी घासली, तीन अंतर्देशी लिहिली, आणि ही म्हणते कुनाची! मी म्हटलं, माझी हायेत, आनखी कुनाची असतील? तो म्हणाला, "मंग हे वाचा." आणि कोपरीच्या खिशातून एक पान काढलं. चौघडी घातलेलं, एक कड फाटलेली.

मी पेटीतून माझा अर्धा भाग आणला. शेवटचं पान आणि तुझं पान जवळ ठेवलं. फाटलेल्या कडा अशा बसल्या की बनुबाई म्हणाली, "अगं बया." माझ्या पानाचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. 'महाराज गेले. आता मला कुणी विचारलं की तू कोण, तर'. तिथे पान संपतं. चार महिने मी त्या 'तर'शी अडकले होते.

मी पुढचं वाचलं. बसून नाही, उभं राहून, वर्गात वाचतो तसं. एकेक अक्षर लावत. सहादेव पानात डोकावून बघत होता, मी ठोकून देत नाही ना म्हणून.

'तर सांगेन, मी रत्नकेतूची हेमकांता. आजवर हे नाव ओठांवर आणलं नाही, कारण आपण समोर होता. आता लाजू तरी कुणासमोर?'

रत्नकेतू या जोडाक्षराला मी दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा आलं. पुढे तीन ओळी होत्या, त्या मला दिसल्या नाहीत. चष्मा पुसला तरी दिसेनात. सहादेव म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पटलं."

साळू, तू तेच पान घट्ट धरलं होतंस ना त्या दिवशी?

संध्याकाळी पान घेऊन मी कुलथे बाईंकडे पळाले. त्यांनी तेव्हाच सगळ्यांना बोलावलं. जहिराने वाचून दाखवलं. रंगुबाईने ऐकलं. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "रत्नकेतू. बेलापुरात कुनाच्या नवऱ्याचं न्हाई हे नाव. सासऱ्याचं बी न्हाई. घ्या हेच." पाचव्या मिनिटाला आक्काबाई दासी झाली, जहिरा प्रधान, रंगुबाई राजाच. म्हणते, महाराज म्हणवून घ्यायला तिला काही हरकत नाही. तीन महिने डोकं खाल्लं या बाईने आणि शेवटी सगळ्यांत मोठं सोंग तिचं.

राणीचं बाईंनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. माझ्याकडे अर्धीच वही आहे. शेवटचा अंक ज्याच्याकडे आहे त्याने राणी वाचावी. बाई म्हणाल्या, आणि त्या आल्या नाहीत तर? मी म्हटलं, तर मग बघू.

आज सकाळी सहादेव आणि बनुबाई निघाली. मी पान परत द्यायला काढलं तर म्हणाला, "ताई म्हनली, वाचलं तर त्यांच्याकडंच ठेवा. न वाचलं तर मागारी आना." म्हणून पान माझ्याकडे आहे. आता ते लाल फडक्यात बांधलं आहे, पण हळदकुंकू वाहिलेलं नाही.

स्टँडवर मी विचारलं, परत कधी? म्हणाला, "पाडव्याला वाचन हाय न्हवं? मग आदल्या दिशी येतो." मी विचारलं, दोघं की तिघं? गाडी सुरू झाली होती. त्याने खिडकीतून हात हलवला, त्यातून काही कळलं नाही. बनुबाई काहीतरी म्हणाली, तेही ऐकू आलं नाही.

मी तीन पाट घासून ठेवले आहेत. ते येतो म्हणाले तो शुक्रवार आहे, सव्वीस तारीख, दुपारची गाडी.

भागू